जापान्याच्या पायातली काडी

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी रामाजी उरकुड्यांनी शोकेसची काच सरकवली, वरच्या फळीवरचा पत्र्याचा रोबोट दोन्ही हातांनी उतरवला आणि जावयापुढे अंथरलेल्या पेपरावर आणून उभा केला. घरातल्या तिघीजणी हातातली कामं टाकून दारात येऊन थांबल्या. रामाजींची बायको भागीरथाबाई, लेक ज्योत्स्ना आणि दहा वर्षांची नात मयुरी. त्या शोकेसला रामाजींशिवाय कुणी हात लावलेला त्या घराने पाहिला नव्हता.

"पाहा बरं, जवाईबापू," रामाजी म्हणाले. "परवा तान्हा पोळा हाय. तोवर चालला पायजे."

प्रवीण पिंपळशेंडेच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याला कारण होतं. गडचांदूरला त्याचं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे मोटरींत नवी तार भरायचं दुकान होतं. कोरपन्यापासून जिवतीपर्यंतचे शेतकरी जळालेल्या मोटरी फटफटीला बांधून त्याच्याकडे आणत आणि "प्रवीणभाऊनं भरली म्हंजे तीन वर्षं पाहाले नाई लागत" असं चारचौघांत सांगत. पण सासरे पडले बल्लारपूरच्या पेपर मिलमधले फिटर, तेही छत्तीस वर्षं नोकरी केलेले. रामाजींच्या हिशेबी जगात कामं दोनच प्रकारची होती, मिलमधलं काम आणि बाकीचं. जावयाच्या धंद्याला ते "तार गुंडाळनं" म्हणत. अठरा वर्षांत प्रवीणने या घरातला कूलर दुरुस्त केला, मिक्सर केला, बोअरची मोटर दोनदा भरली. दर वेळी रामाजी येऊन कान लावत, "चालून तं राह्यला" एवढं म्हणत आणि निघून जात. चांगलं झालं, असं एकदाही म्हणाले नाहीत.

प्रवीण तसा हावरा माणूस नव्हता. त्याला तेवढा एक शब्द हवा होता, आणि तो त्याच तोंडून हवा होता. ज्योत्स्नाने त्याला पूर्वीच सांगून ठेवलं होतं, "बाबा मलेबी कधी म्हनत नाई. मी बारावीत कॉलेजातून पहिली आली तं म्हनले, पेपर सोपा असन."

आणि आज त्याच रामाजींनी आपण होऊन त्याच्यापुढे काम ठेवलं होतं. स्वतः का करत नाहीत, हे विचारायचं कुणाला धाडस नव्हतं. रामाजींचे हात आता चहाची बशीसुद्धा स्थिर धरत नसत. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे.

रोबोटचं नाव जापान्या. मिलमध्ये मशीन बसवायला आलेला एक जपानी इंजिनिअर परत जाताना तो रामाजींना देऊन गेला होता, तेव्हा ज्योत्स्ना रांगत होती. दीड वीत उंची, चौकोनी डोकं, लाल डोळे. छातीला दोन दारं. चालता चालता ती दारं उघडत, आतून दोन बंदुका बाहेर येत आणि टर्र टर्र करत. ज्योत्स्ना तीन-साडेतीन वर्षांची होईतो तो चालला. मग सगळे महिनाभर धान कापणीला गावी गेले, सेल आतच राहिले, फुटले, आणि जापान्या जो शोकेसमध्ये चढला तो चढलाच.

त्याला आता उतरवायची पाळी आली ती लच्छू मोहुर्लेमुळे. तान्हा पोळा म्हणजे पोरांचा पोळा. चाकावरचे लाकडी नंदी सजवून पोरं तोरणाखाली आणतात, नंबर काढले जातात आणि मग पोरं घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. लच्छू हा रामाजींचा मिलमधलाच जोडीदार, वॉर्डातल्या तान्ह्या पोळ्याच्या कमिटीचा अध्यक्ष, आणि दरसाल पहिला नंबर त्याच्याच नातवाच्या तीन फुटी सागवानी नंदीचा. पंधरा दिवसांपूर्वी पानठेल्यावर लच्छूने तो नंदी पुन्हा पॉलिशला टाकल्याचं सांगितलं आणि रामाजींच्या तोंडून निघून गेलं, "यंदा माया नातीचा नंदी मानूस नाई ओढनार. जापान्या ओढन." ठेल्यावर तेव्हा दहा माणसं होती. संध्याकाळपर्यंत वॉर्डात ती चाळीस झाली.

प्रवीणने पेचकस काढला. पाठीचं झाकण उघडलं. सेलच्या घरात हिरवा बुरा साचला होता, पट्ट्या सडून गेल्या होत्या. मोटर जाम होती. पुढे त्याने पायांचे स्क्रू काढले आणि उजव्या पायात त्याला ती गोष्ट दिसली. पायाखाली जे छोटं चाक असतं, त्याच्या खाचेत कुणीतरी काडी खुपसली होती. तेल पिऊन पिऊन ती काळी पडली होती आणि वरून तिला सायकलची वॉल्व ट्यूब गुंडाळली होती.

आता, दुरुस्तीच्या धंद्यात एक रीत आहे. वस्तू उघडली की आधीच्या मेकॅनिकला शिव्या घालायच्या. त्यात वैर काहीच नसतं. गिऱ्हाइकाला धीर येतो, आपली किंमत वाढते, आणि उद्या वस्तू नाहीच चालली तर पाप कुणाच्या माथी मारायचं तेही ठरून जातं. प्रवीण वीस वर्षं रोज ही आरती म्हणत होता. तोंड आपोआप सुटलं.

"कोन्या गाढवानं हात लावला होता याले?"

घरातले सगळे त्याच्याकडे पाहू लागले. प्रवीणला वाटलं, लोक कौतुकाने ऐकताहेत.

"चाकात काडी कोंबली! वरून ट्यूब! अरे, हा रोबोट हाय का बैलबंडीचं चाक? ज्यानं हे केलं त्याले काई नाई म्हनत मी. त्याच्या हाती पेचकस कोनं देल्ला, त्याले पयले धरा!"

ज्योत्स्ना डोळे मोठे करत होती. तिच्या डोळ्यात कचरा गेला असावा असं समजून प्रवीणने आणखी दोन वाक्यं घातली, त्यांतलं एक मिलमध्ये असल्या माणसाला झाडू मारायलाही ठेवणार नाहीत अशा अर्थाचं होतं.

रामाजींनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाला पुसला आणि परत लावला.

"मी," ते म्हणाले. "मी केलतं ते."

"चहा मांडू का?" भागीरथाबाईने विचारलं. तिच्या हातात आत्ताच प्यायलेल्या चहाचे कप होते.

प्रवीणच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणूस बुडायला लागला की हात मारतोच. "नाई म्हंजे मामाजी," तो म्हणाला, "आता नीट पाह्यलं तं... आयडिया जबरदस्त हाय. आजकालच्या पोरायले सुचनार नाई. अन् गाढव म्हनलं मी, ते तं... गाढव लय मेहनती जनावर हाय."

"हं," रामाजी म्हणाले. "जबरदस्त हाय तं मंग काढू नका. जशी हाय तशी राहू द्या."

झालं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतल्यावर प्रवीण मुकाट्याने कामाला लागला. जुन्या प्लगातली पितळी पट्टी कापून सेलच्या पट्ट्या केल्या. ब्रश घासले. बोराएवढी ती मोटर, तिला केसासारखी तार. पाच एचपीच्या मोटरीत कोपरापर्यंत हात घालणाऱ्या माणसाला ती तार भरायला चार तास लागले. मान अवघडली, डोळ्यांतून पाणी आलं, पण मोटर अशी भरली गेली की तिच्याकडे पाहून त्याचं त्यालाच बरं वाटलं. मयुरीने धावत जाऊन मोठे सेल आणले आणि आपल्या हाताने घातले.

तेवढ्यात रामाजी आंघोळीला गेले, आणि प्रवीणच्या मनात पाप आलं. चाकात काडी असेल तर पाय घासणार, पाय घासला की मोटरवर लोड येणार आणि चार तासांची मेहनत धुरात जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याने इकडे तिकडे पाहिलं, काडी आणि ट्यूब चिमट्याने ओढून शर्टच्या खिशात टाकली आणि स्क्रू लावून टाकले.

बटण दाबलं. लाल डोळे लागले. जापान्या पाटावर दोन पावलं चालला आणि कडेवरून पडायच्या आत प्रवीणने त्याला झेलला. मयुरीने किंकाळी फोडली. रामाजी टॉवेलवरच बाहेर आले.

"चालला?"

"चालला, मामाजी!" प्रवीण म्हणाला आणि थांबला. अठरा वर्षांची वाट आता संपत आली, असं त्याला खरोखर वाटलं.

रामाजींनी वाकून जापान्याच्या पोटाला कान लावला. बराच वेळ ऐकलं. "काडी नाई काढली म्हून चालला," ते म्हणाले आणि कपडे घालायला गेले.

खरं सांगावं तर काडी खिशात, न सांगावं तर श्रेय काडीला. प्रवीणने न सांगायचं ठरवलं.

दिवेलागणीला भागीरथाबाई वाटीत गरम तूप आणि हळद घेऊन आली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेले खांदे तुपाहळदीने शेकायचे. गावची शेती भावकीने केल्यापासून उरकुड्यांच्या दारी बैल नव्हता, तरी ती रीत भागीरथाबाईने सोडली नव्हती. दरसाल ती मयुरीच्या लाकडी नंदीचे खांदे शेकत असे. यंदा मात्र ती नंदीला ओलांडून जापान्यासमोर बसली.

"मामी, मामी!" प्रवीण धावला. "त्याले नोका लावू. त्याच्या खांद्यात मशीन हाय."

"बैलाच्या खांद्यात का मंग गोटे रायते?" भागीरथाबाई म्हणाली. "जो ओढन त्याचे खांदे शेकाव लागते. परवा त्याले ओढाचं हाय."

यावर उत्तर तुम्हाला सुचलं तर सांगा. भागीरथाबाईने पळसाच्या पानाने दोन्ही खांदे मन लावून शेकले आणि हात जोडून आमंत्रणही दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तूप खांद्याच्या फटीतून आत उतरताना प्रवीणला स्पष्ट दिसत होतं. जावयाने सासूच्या हातातली वाटी हिसकावून घेणं कुठल्याच रीतीत बसत नव्हतं, म्हणून तो बघत राहिला.

सकाळी मयुरीने हाक मारली, "बाबा, जापान्या काळा झाला!" तो मुंग्यांनी झाला होता. पोळ्याच्या दिवशी सगळा वॉर्ड बैलाच्या शिंगांना बेगड लावत होता, तेव्हा गडचांदूरचा नामांकित मोटर वाइंडर दाढीच्या ब्रशाने रोबोटच्या काखेतल्या मुंग्या झाडत होता. बटण दाबलं तर चाललं मात्र सगळं. आवाज कालच्यापेक्षा मऊ येत होता.

रामाजींनी कान लावला. "तूप मानवलं त्याले," ते बायकोला म्हणाले. "तुये हात लागले."

भागीरथाबाई लाजली. प्रवीणने मनातल्या मनात मोजलं. काडीचं नाव झालं, तुपाचं झालं, सेल बरोबर घातले म्हणून काल मयुरीच्या पाठीवरही थाप पडली. मोटरचं नाव कुणी काढलं नव्हतं.

दुपारी पुरणपोळ्या होऊन सगळे ओट्यावर सुस्तावले होते, तेव्हा लच्छू मोहुर्ले काखेत रजिस्टर मारून आला. उद्याच्या नंदींची नावं लिहीत तो घरोघर फिरत होता.

"रामाजीभाऊ, आयकलं तुमचा जापान्या तयार हाय म्हने," तो ओट्याच्या खाली उभा राहून म्हणाला. "जरा चालवून दाखवा. उद्या लेकरायची गर्दी रायते. मारकं जनावर मी घेत नाई."

"दाखवा, जवाईबापू," रामाजी म्हणाले.

प्रवीणने जापान्याला ओट्याच्या भिंतीशी उभा केला आणि बटण दाबलं. डोळे लागले. एक पाऊल, दोन पावलं, तीन. तुपाने सुखावलेला जापान्या अगदी ऐटीत, एका रेषेत चालला. छातीची दारं उघडली, बंदुका निघाल्या, टर्र टर्र सुरू झालं. लच्छूची मान कौतुकाने हलू लागली. मयुरीने टाळ्या वाजवल्या. कुणाच्याच लक्षात आलं नाही की ओटा आठ पावलांचा आहे आणि जापान्याला वळता येत नाही. नववं पाऊल त्याने हवेत टाकलं आणि ओट्याखालच्या नालीत डोक्यावर गेला.

लच्छू वाकून नालीत पाहत राहिला. "गोळ्या चालूच हाय त्याच्या," त्याने सांगितलं.

भाकरीच्या चिमट्याने जापान्याला वर काढण्यात आलं. डोक्याला पोचा पडला होता. पण आत पाण्याचा थेंब गेला नव्हता, कारण सगळ्या फटी तुपाने भरल्या होत्या. "म्हून म्हनलं होतं," भागीरथाबाई म्हणाली. लच्छूने रजिस्टरमध्ये 'मयुरी पिंपळशेंडे, नंदी एक, रोबोट एक' असं लिहिलं आणि जाता जाता म्हणाला, "आना उद्या. पन दावं बांधून आना, भाऊ."

रामाजी हसले नाहीत. ते जापान्याकडे पाहत होते.

"जवाईबापू, काडी हाय ना जागेवर?"

"हाय ना!" प्रवीण म्हणाला. हे वाक्य त्याच्या परवानगीशिवाय बाहेर पडलं.

"उद्या सकाळी माया समोर पाय उघडा. एक डाव पाहून घेऊ."

प्रवीण तडक मागच्या अंगणात गेला. त्याचा शर्ट दोरीवर स्वच्छ धुऊन वाळत होता. खिसा उलटा केला. आत काही नव्हतं.

"ज्योत्स्ना! खिशातली काडी कुठी गेली?"

"कोनती काडी? गेली असन मोरीत. काडीसाठी काऊन एवढे घाबरून राह्यले तुमी? चुलीजवळ पेटी हाय, घ्या ना हवी तं."

"अवो, तुया बापाची काडी हाय ते!"

मग सगळं सांगावं लागलं. ज्योत्स्नाने सगळं ऐकून घेतलं, डोक्याला हात लावला, नवऱ्याच्या अकलेविषयी दोन शब्द बोलली आणि काड्यांची पेटी आणून दिली. अशा वेळी बायकोसारखं माणूस नाही.

माचीसची नवी कोरी काडी पांढरीफटक असते. रामाजींनी छत्तीस वर्षं मिलमध्ये बेअरिंगचा ओरखडा नखाने ओळखला होता. त्यांच्यासमोर ती ठेवणं म्हणजे पोलिसापुढे आपण होऊन हात पुढे करणं. प्रवीणने गुल खुडून काडी कडक चहात उकळली. पिवळी झाली. दुसरीला काजळ फासलं, ती नुसती काळी, तिच्यात वय दिसेना. तिसरी मोडली. चौथीला चहा, मग शिलाई मशीनचं तेल, मग काजळ, पण तेल आधी लावल्याने काजळ धरलं नाही. ज्योत्स्ना वाट्या बदलत राहिली. "थोडी हळद टाकून पाहा," तिने सुचवलं. सातव्या काडीला प्रवीणने दोन ठिकाणी दाताने हलकं चावून चाकाचे व्रण उठवले, उन्हात धरली, आणि दोघं नवराबायको तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. काडी चाळीस वर्षांची दिसत होती.

राहिली ट्यूब. पोळ्याचा दिवस, पंक्चरची दुकानं बंद. पडवीत रामाजींची सायकल उभी होती. प्रवीणने मागच्या चाकाच्या वॉल्वची ट्यूब काढली. हवा फुस्सदिशी सुटली आणि आतल्या खाटेवरून रामाजींनी विचारलं, "काय झालं?"

"खोकला, मामाजी," प्रवीण म्हणाला आणि पुराव्यादाखल बराच वेळ खोकला.

काडी पायात बसली. चांगला चालणारा रोबोट बिघडवायला प्रवीणने आयुष्यात पहिल्यांदाच एवढी कारागिरी खर्च केली होती. चालवून पाहायला मात्र मिळालं नाही, कारण खोकल्यामुळे भागीरथाबाई अद्रकाचा काढा घेऊन आली आणि तो संपेपर्यंत समोरून हलली नाही.

सकाळी पाय उघडला गेला. रामाजींनी चष्म्यावर भिंग धरलं. बोटाने काडीला स्पर्श केला. वास घेतला.

"हं," रामाजी म्हणाले. "लावा."

चार वाजता मारुतीच्या देवळापुढच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. रामाजी पायी आले. सायकल का नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि प्रवीणने विचारलं नाही. शंभरेक नंदी रांगेत होते, फेटे बांधलेली पोरं, नऊवारीतल्या पोरी, आणि सगळ्यांच्या वर लच्छूच्या नातवाचा सागवानी नंदी पॉलिशने चमकत होता. लच्छू माईकवर होता. मयुरीने आपल्या वीतभर नंदीची दोरी जापान्याच्या कंबरेला बांधली. गर्दीने कडं केलं. प्रवीणने मारुतीकडे पाहून बटण दाबलं.

जापान्या चालला. डोळे लागले, नंदी मागून खडखडत निघाला, बायकांनी "अगं बाई!" केलं. तिसऱ्या पावलाला जापान्या उजवीकडे कलला. सहाव्याला आणखी कलला. तोरणाकडे त्याने चक्क पाठ केली, मयुरीच्या मागून गेला आणि पूर्ण वेढा घालून होता तिथे परत आला. थांबला नाही. दुसरा वेढा सुरू केला.

काडी! प्रवीणला आता कळलं, काडी पायात असली की हा गोलच फिरणार. आपल्याच हाताने, चहा पाजून, त्याने सासऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणली होती.

"रामाजीभाऊ," लच्छूचा आवाज भोंग्यातून घुमला, "तुमचा जापान्या तोरनाकडे येऊन राह्यला का जपानले वापस चालला?"

मैदान खदखदलं. प्रवीणला वाटलं, आत्ता पुढे होऊन सगळ्यांना सांगावं, चूक माझी, मी तार गुंडाळणारा माणूस, मामाजींना हसू नका. तो एक पाऊल पुढे झालासुद्धा. पण रामाजी त्याच्या आधी बोलले, आणि छत्तीस वर्षं मशीनच्या आवाजावर बोललेल्या माणसाला माईक लागत नाही.

"घानीचा बैल हाय तो, लच्छू! सरळ जानारा बैल कधी तेल काढते का?"

हसू फुटलं ते फुटलंच, पण त्याने बाजू बदलली होती. म्हातारी माणसं माना डोलावू लागली, कुणी तरी पोळ्याची "हर बोला" आरोळी दिली, लहान पोरं कड्यातून आत घुसली आणि जापान्याच्या वाटेत न येता गोल बसली. मयुरी मधोमध नऊवारीत उभी आणि तिच्याभोवती जापान्या नंदीला घेऊन फिरतोय, बंदुका टर्र टर्र करताहेत. सेल गरम होईतो चाललं. पहिला नंबर लच्छूच्या नातवाचाच आला, तो येणारच होता. दुसरा मयुरीचा. बक्षीस म्हणून तीन पुडांचा स्टीलचा डबा मिळाला आणि भागीरथाबाईने तो जागच्या जागी वाजवून पाहिला.

रामाजींचं बक्षिसाकडे लक्ष नव्हतं. मयुरी उभी होती त्या जागेकडे ते पाहत होते.

परत निघताना प्रवीण फटफटीला पिशवी बांधत होता. ज्योत्स्ना आत आईचा निरोप घेत होती. रामाजी ओट्यावरून उतरून त्याच्याजवळ आले.

"ज्योत्स्ना दीड वर्षाची होती," ते म्हणाले. "तवा सरळ चाले हा. पोरगी ह्याच्या मांगं मांगं जाये. एक दिवस हा ओट्यावरून खाली पडला अन् पोरगीबी पडली. कपाळावर वन हाय तिच्या, तो त्याच दिवसचा."

प्रवीणचे हात दोरीवर थांबले.

"मंग मी मिलमधून बांबूची कामटी आनली. बसवली पायात. पोरगी मधात बसे, हा भोवतालून फिरे. मामी तुमची सुखानं भाकरी टाके. साडेतीन वर्षांची होयेपर्यंत पुन्हा पोरगी पडली नाई."

"मामाजी," प्रवीण म्हणाला. "मी..."

"बांबू होता तो. तुमी माचीसची टाकली." रामाजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "नालीत गेला तवाच समजलं मले. मंग म्हनलं, पाहू, जवाई काय करते तं. सायकलची हवा गेली तवा अर्धं समजलं. रंग कायचा देल्ला?"

"चहा," प्रवीण खाली पाहून म्हणाला. "मंग काजळ. थोडी हळद."

"तेल?"

"शिलाई मशीनचं. सगळ्यात शेवटी."

"अन् ते चाकाचे व्रन?"

"दातानं, मामाजी."

रामाजींनी थरथरता हात प्रवीणच्या खांद्यावर ठेवला.

"चांगलं काम हाय," ते म्हणाले. "मी छत्तीस वर्षं डुप्लिकेट पार्ट पाह्यले. असा नाई पाह्यला. स्टोरवाल्यानं डोळे झाकून सही केली असती."

आणि ते ओट्यावर चढून घरात गेले.

राजुऱ्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मधे मयुरी डबा छातीशी धरून पेंगत होती. ज्योत्स्ना मागून कानाशी वाकली.

"बाबा काय म्हनत होते वो तुमाले? हात ठेवला होता खांद्यावर."

"चांगलं काम हाय म्हनले."

प्रवीणने आरशात पाहिलं. ज्योत्स्ना पदराने डोळे पुसत होती, आणि वाऱ्याने केस मागे गेल्यामुळे तिच्या कपाळावरचा तो जुना वण त्याला अठरा वर्षांत पहिल्यांदा नीट दिसला.

"मी म्हनलं नव्हतं?" ती म्हणाली. "एक ना एक दिवस म्हनतीन. चार तास बसून मोटर भरली तुमी, दिसत नाई का त्यायले? मोटरलेच म्हनले ना?"

प्रवीणने पूल संपेपर्यंत विचार केला.

"हो," तो म्हणाला. "मोटरलेच."